शिवेवरचं रुग्णालय



गावाची शीव कुठे आहे हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. नवरदेवाचं वऱ्हाड आलं की शिवेवर थांबतं. शिवेवरच्या देवाला नारळ फुटतो. आणि आपल्या आज्या सांगायच्या, पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा सजवायचा, वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा. पलीकडचं गाव तोच गाडा पुढच्या शिवेवर नेई. रोगाला शिवेबाहेर घालवायचं, ही आपली जुनी रीत.

आज आम्ही ज्या रुग्णालयाची गोष्ट सांगणार आहोत, ते एका मोठ्या शहराच्या शिवेवरच उभं राहिलं. त्या जागेचं नावही शीव. रेल्वेच्या पाटीवर इंग्रजी वळणानं 'सायन' झालं म्हणून आपण 'सायन हॉस्पिटल' म्हणतो. कागदोपत्री त्याचं नाव लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालय. आपल्याकडच्या किती बाया तिथे जाऊन आल्या असतील! 'मुंबईला न्या' असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, की आपल्या तोंडी तीन-चारच नावं येतात: जेजे, केईएम, नायर आणि सायन. गटाच्या बैठकीत या नावांची चर्चा नेहमी होते, पण ही रुग्णालयं आली कुठून, वाढली कशी, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. म्हणून या वेळी एकाचीच गोष्ट नीट सांगायची ठरवली. सायन का निवडलं, ते पुढे येईलच.

आधी जागा समजून घेऊ. जुनी मुंबई म्हणजे सात बेटं. त्यांच्या उत्तर टोकाला शीव. मध्ये खाडी, आणि खाडीपलीकडे साष्टी, म्हणजे आजची कुर्ला, घाटकोपर, अंधेरी ही सगळी उपनगरं. सतराव्या शतकात इंग्रजांनी शीवच्या टेकडीवर किल्ला बांधला, कारण पलीकडे राज्य पोर्तुगीजांचं होतं. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि खाडीपलीकडे मराठे आले. म्हणजे ही खरोखरीची शीव होती, दोन राज्यांमधली. पुढे सगळंच इंग्रजांकडे गेलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाडीवर बंधारा घालून शीव आणि कुर्ला जोडले गेले. गाडीरस्ता झाला, नंतर रेल्वे आली.

पण शिवेचं एक वैशिष्ट्य असतं, गावाला जे नको ते तिथे जातं. मुंबई वाढली तशी कातडी कमावण्याचे कारखाने, म्हणजे चामड्याचा उग्र वास, शहरातून उठून शीवजवळच्या धारावीच्या खाजणात आले. सौराष्ट्रातून आलेले कुंभार आपल्या भट्ट्या घेऊन तिथेच बसले. तामिळनाडूतून कातडीकाम करणारे आले. कोळी तर आधीपासूनचेच. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून दुष्काळानं हाकललेली आपली माणसंही येत राहिली. राहायला जागा मिळेल तिथे, म्हणजे शिवेवर.

आणि रुग्णालयं? ती सगळी दक्षिणेला. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५चं, शेजारी जेजे. बायकांसाठीचं कामा रुग्णालय १८८६चं. केईएम १९२६ साली परळला सुरू झालं, तेव्हा तेच उत्तरेकडचं मोठं रुग्णालय. परळच्या पुढे, शीवपर्यंत आणि खाडीपलीकडे, आजारी माणसाला मोठा आधार नव्हता.

मग दुसरं महायुद्ध आलं. लष्करानं शीवला छावणी टाकली, लांबलचक बराकी बांधल्या. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या. १९४७ साली महापालिकेनं त्याच बराकींमध्ये मोजक्या खाटांचं रुग्णालय सुरू केलं. ना कुणा शेठजींची देणगी, ना घुमटाची इमारत. उरलेल्या बराकी आणि उरलेली जागा, अशी सुरुवात. आम्हाला यात फार ओळखीचं वाटलं. आपल्या गटाचं कार्यालय नाही का जुन्या चावडीच्या पडक्या खोलीत सुरू झालं?

१९४७ म्हणजे फाळणीचं वर्ष हे लक्षात ठेवा. पंजाब आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली हजारो कुटुंबं मुंबईत उतरली. त्यातल्या कितीतरी पंजाबी कुटुंबांना शीव-कोळीवाड्याच्या वसाहतीत जागा मिळाली, आजही तो भाग लोक पंजाबी कॅम्प म्हणून ओळखतात. एकीकडे निर्वासित, दुसरीकडे धारावी, आणि मधोमध बराकीतलं लहानसं रुग्णालय.

पुढची वीस वर्षं या रुग्णालयाच्या वाढीची, पण ती वाढ कुणी आखलेली होती असं आम्हाला वाटत नाही. वाढलं ते शहर. १९५० साली मुंबईची हद्द खाडीपलीकडे सरकली, १९५७ साली ती थेट मुलुंड आणि दहिसरपर्यंत गेली. काल जी शीव होती ती आज शहराच्या मधोमध आली. पूर्वेकडचा महामार्ग, मध्य रेल्वे, हार्बर रेल्वे, सगळे रस्ते या एका ठिकाणाशेजारून जाऊ लागले. घाटकोपर, चेंबूर, मानखुर्दपासून ठाण्यापलीकडच्या माणसालाही मोठ्या दवाखान्यात जायचं तर वाटेत पहिलं लागायचं ते सायन. माणसं येत गेली, खाटा वाढवाव्या लागल्या. आज खाटांचा आकडा सुरुवातीच्या कितीतरी पट आहे.

१९६४ साली इथे महापालिकेनं वैद्यकीय महाविद्यालय काढलं आणि रुग्णालयाचा स्वभावच बदलला. इथे जरा थांबू, कारण 'कॉलेजचं हॉस्पिटल' म्हणजे काय, हे कळलं तर तिथे गेल्यावर आपली निम्मी भीती जाते.

साध्या दवाखान्यात एक डॉक्टर असतो. शिकवणाऱ्या रुग्णालयात डॉक्टरांची उतरंड असते. सगळ्यात खाली विद्यार्थी, पांढरा डगला घालून वही घेऊन उभे. त्यांच्यावर इंटर्न, म्हणजे परीक्षा झाली पण वर्षभराचं काम शिकायचं बाकी. त्यांच्यावर निवासी डॉक्टर, ज्यांना रेसिडेंट म्हणतात. रुग्णालय खरं चालतं ते यांच्या जिवावर. रात्री दोन वाजता गेलात तर भेटणारा तोच. त्यांच्यावर शिकवणारे डॉक्टर आणि वर युनिटचे प्रमुख. युनिट म्हणजे एक गट. त्याचे ओपीडीचे वार ठरलेले, दाखल करून घेण्याचे वार ठरलेले. ज्या दिवशी तुम्ही गेलात त्या दिवशीच्या युनिटच्या तुम्ही झालात, पुढच्या वेळीही त्यांच्याच वारी जायचं. ही एक गोष्ट माहीत नसल्यानं आपल्या किती बाया चुकीच्या वारी जाऊन हात हलवत परत आल्यात! केसपेपर जपा आणि त्यावरचा वार वाचून घ्या, इतकंच आम्ही सांगू.

खाटेभोवती दहा पोरं-पोरी उभी राहून आपल्याकडे बघतात, तेव्हा लाज वाटते. आमच्यातल्या काहींनी तर 'आम्ही काय तमाशा आहोत का' म्हणून भांडणही काढलंय. तपासणीच्या वेळी पडदा लावा, बाई डॉक्टर किंवा परिचारिका जवळ असू द्या, असं म्हणण्याचा आपला हक्क आहे आणि तो सोडू नये. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या खाटेभोवती उभी असलेली मुलगी पाच वर्षांनी आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येते. बाळ आडवं आहे हे तिला हातानं कळतं, कारण तिनं ते आधी कुणाच्या तरी पोटावर हात ठेवून शिकलेलं असतं. धारावीतल्या, पंजाबी कॅम्पातल्या, मानखुर्दच्या बायांनी आपली अंगं या शिकणाऱ्या हातांखाली दिली आणि त्यावर महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या तयार झाल्या. कॉलेजच्या भिंतीवर देणगीदारांची नावं असतात, या बायांची नसतात.

जागेमुळेच या रुग्णालयाचं दुसरं मोठं काम ठरलं, अपघाताचं. मुंबईची लोकल गाडी ही आपल्याला टीव्हीवर दिसते तशी गंमत नाही. दारात लटकलेली माणसं पडतात, रूळ ओलांडताना सापडतात. महामार्गावर ट्रक, दुचाक्या. ही सगळी माणसं सायनच्या कॅज्युअल्टीत येतात. अपघातानंतरचा पहिला तास सगळ्यात मोलाचा. त्या वेळात रक्त थांबलं, श्वास मोकळा झाला तर माणूस वाचतो. म्हणून इथे अपघाताचा वेगळा विभाग वाढत गेला, आणि देशभरचे डॉक्टर तो पाहायला, शिकायला येऊ लागले. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये एकामागून एक सात स्फोट झाले, त्या संध्याकाळीही जखमींना ज्या रुग्णालयांत नेलं त्यातलं एक सायन होतं.

आता आम्ही ज्यासाठी हे रुग्णालय निवडलं, त्या गोष्टीकडे येतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातली एक सून सातव्या महिन्यात बाळंत झाली. बाळ किलोच्या जरासं वर. आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यानं चिठ्ठी दिली, जिल्ह्याच्या गावी नेलं, तिथे काचेच्या पेट्या भरलेल्या, म्हणून पुन्हा चिठ्ठी. ॲम्ब्युलन्समध्ये बाळाला छातीशी धरून ती मुंबईला पोचली. तिचं स्वतःचं दूध अजून उतरलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळाला दुसऱ्या आईचं दूध देऊ, आमच्याकडे साठवलेलं असतं. सून तयार झाली. सोबत गेलेल्या सासूबाई मात्र उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुणाचं? कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची बाई ती? कळल्याशिवाय आमच्या नातवाच्या तोंडात थेंब घालायचा नाही."

मैत्रिणींनो, हसू नका. आपल्यापैकी किती जणींनी हाच प्रश्न विचारला असता, ते मनाला विचारा.

त्या प्रश्नाचं उत्तर सायनच्या रुग्णालयानं फार वर्षांपूर्वी शोधून ठेवलेलं होतं. आशिया खंडातली पहिली मातृदूध पेढी, म्हणजे आईच्या दुधाची बँक, २७ नोव्हेंबर १९८९ रोजी इथेच सुरू झाली. सुरू करणाऱ्या होत्या नवजात बालकांच्या डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस. पुढे त्या या रुग्णालयाच्या अधिष्ठाता, म्हणजे डीन झाल्या.

त्या वेळचा वॉर्ड डोळ्यांपुढे आणा. नवजात बाळांचा विभाग, अपुऱ्या दिवसांची बाळं, एकेका जागेत दोन-दोन. परिचारिका थोड्या. बाळांना डब्याच्या पावडरचं दूध बाटलीतून दिलं जाई. डबा उघडायचा, पाणी उकळायचं, बाटली धुवायची, या प्रत्येक पायरीवर जंतू शिरायला वाट. बाळांना हगवण लागायची, रक्तात जंतू भिनायचे, आणि बाळं जायची. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं कागदासारखं नाजूक. डब्याच्या दुधानं ते सुजण्याचा, सडण्याचा धोका आईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतो, हे आता सगळं जग मान्य करतं. तेव्हा मात्र डबा म्हणजे शास्त्र आणि अंगावरचं दूध म्हणजे अडाणीपणा, असा समज मोठ्या मोठ्या डॉक्टरांतही होता. डबेवाल्या कंपन्यांच्या जाहिरातीतलं ते गुटगुटीत बाळ आपल्यापैकी थोरल्यांना आठवत असेल.

डॉक्टर फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेढीच्या कितीतरी आधी दोन गोष्टी केल्या. डबा आणि बाटली विभागातून बाहेर काढली. आणि आयांना आत घेतलं. त्या काळी असल्या विभागात आईला मज्जाव असे, ती बाहेर व्हरांड्यात बसून रडायची. इथे तिला हात धुवायला शिकवलं, बाळाला हाताळायला शिकवलं, दूध काढायला शिकवलं. परिचारिका कमी होत्या ही अडचण खरी, पण त्या अडचणीनं आईला तिची जागा परत दिली. आमच्या मते या रुग्णालयाच्या सगळ्या इतिहासात इमारती आणि यंत्रांपेक्षा हा दरवाजा उघडला जाणं मोठं आहे. झोपडपट्टीतल्या बाईला स्वच्छता कळत नाही, असं म्हणणाऱ्यांना तिथल्या बायांनीच उत्तर दिलं.

पण काही बाळांना आईच नसायची, किंवा आई बेशुद्ध असायची, किंवा आमच्या सुनेसारखं दूध उतरायला वेळ लागायचा. त्याच वेळी शेजारच्या खाटेवर एखादीला इतका पान्हा फुटलेला की पदर भिजतोय. हिच्याकडचं तिच्याकडे कसं न्यायचं? परदेशात असल्या पेढ्या होत्या, सगळ्यात पहिली १९०९ सालची, व्हिएन्नाची. डॉक्टर फर्नांडिस यांनी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डची पेढी पाहिली होती. आपल्याकडे ते जमवायचं तर महापालिकेच्या रुग्णालयात, गर्दीत आणि तुटपुंज्या पैशात जमवायचं होतं.

पेढी चालते कशी, ते दूधडेअरीला दूध घालणाऱ्या बायांना चटकन कळेल. ज्या आईला आपल्या बाळाचं पोट भरून उरतं तिलाच विचारतात, जबरदस्ती नाही, पैसे नाहीत. तिची रक्ततपासणी होते: एचआयव्ही, बी प्रकारची कावीळ, गरमी. मग हातानं किंवा पंपानं दूध काढतात. अनेक आयांचं दूध एकत्र करून ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात आणि झपाट्यानं थंड करतात. आपल्या डेअरीतलं पाश्चरायझेशन तेच. नंतर त्यात जंतू राहिलेत का हे प्रयोगशाळेत तपासतात. पास झालं तर उणे वीस अंशांवर गोठवून ठेवतात, तिथे ते काही महिने टिकतं. डेअरीत फॅट लागली नाही तर दूध परत येतं, इथे जंतू दिसले तर ओतून टाकतात.

आणि लागतं किती? ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणं आणि गिळणं एकाच वेळी जमत नाही. नळीनं किंवा वाटीचमच्यानं द्यावं लागतं, सुरुवातीला एका वेळेला चमचाभरही पुरतं. म्हणजे एका आईनं एकदा दिलेल्या वाटीभर दुधात अशा कितीतरी चिमण्यांची एकेक पाळी निघते.

आता सासूबाईंचा प्रश्न. कुणाचं दूध? उत्तर असं की सांगताच येत नाही, कारण ते एकीचं नसतंच. बाटलीत कोळणीचं आहे, कुंभारणीचं आहे, तमिळ बाईचं आहे, मुसलमान बाईचं आहे, साताऱ्याहून मुंबईला नांदायला गेलेल्या बाईचंही आहे. सगळं एकत्र करून तापवलेलं. गावात विहिरीवर आणि पाणवठ्यावर जे अजूनही अडतं ते तिथे एका लहानशा बाटलीत मोडलं गेलं, आणि त्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही, भाषण दिलं नाही.

शिवाय हे आपल्याला नवं कुठे आहे? भावकीतली एखादी बाळंतपणात गेली, तर जाऊ किंवा नणंद आपल्या पोराबरोबर तिच्या पोरालाही पदराखाली घ्यायची. दूधभाऊ हा शब्द आपल्या भाषेत उगाच नाही आला. फक्त तो भावकीपुरता होता. शीवनं ती भावकी मोठी केली.

आणखी एक गोष्ट आम्हाला तिथल्या परिचारिकांकडून कळली आणि आम्ही खजील झालो. गाय व्याली की आपण वासराला पहिला चीक पाजतोच, नाहीतर वासरू जगायचं नाही हे पोरासोरांनाही माहीत. उरलेल्या चिकाचा खरवस होतो. पण घरात सून बाळंत झाली की तिचं पहिलं पिवळसर घट्ट दूध 'कच्चं आहे, बाधेल' म्हणून पिळून टाकायचं आणि बाळाला मध नाहीतर गुळाचं पाणी चाटवायचं! वासराला जे कळतं ते आपल्याला इतकी वर्षं कळलं नाही. त्या चिकातच बाळाला रोगाशी लढण्याचं बळ मिळतं. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात ते पोटात गेलं पाहिजे.

सायनच्या त्या एका खोलीनंतर देशात ठिकठिकाणी दूधपेढ्या निघाल्या. १९९२ साली कायदा झाला, डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आली. २०१७ साली केंद्र सरकारनं सरकारी रुग्णालयांत असल्या पेढ्या कशा चालवायच्या याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२४ साली तर अन्नसुरक्षा प्राधिकरणानं स्पष्ट बजावलं की आईचं दूध विकता येणार नाही. म्हणजे काहींनी विकायला काढलं होतं. जिथे पैशाचा वास लागतो तिथे काय होतं, हे आपण डेअरीच्या राजकारणात पाहिलंच आहे.

डॉक्टर फर्नांडिस यांची पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. त्यांच्या लक्षात आलं की बाळ वाचवून घरी पाठवलं तरी वस्तीत खायला नाही, पाणी नाही, घरात मार आहे, तर ते बाळ पुन्हा आजारी होऊन येणार. रुग्णालयाच्या फाटकाच्या आत बसून हे सुटत नाही. म्हणून १९९९ साली त्यांनी 'स्नेहा' ही संस्था उभी केली. ती धारावीत आणि इतर वस्त्यांत बायांच्या आरोग्यावर, पोषणावर आणि बायांवरच्या हिंसेवर काम करते. धारावीत महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र आहे, त्याला लोक 'छोटा सायन' म्हणतात. मोठ्यानं धाकट्याला जन्म दिला असं म्हणा हवं तर.

आम्ही सगळं गोड गोड सांगतोय असं वाटायला नको. सायनला गेलेल्या कुणालाही विचारा, ती पहिल्यांदा गर्दीबद्दल बोलेल. खाट मिळाली नाही तर जमिनीवर गादी. एका निवासी डॉक्टरच्या अंगावर इतके रुग्ण की तो उभ्या उभ्या झोपतो. नातेवाइकांचा संयम सुटतो, डॉक्टरांवर हात उगारला जातो, मग संप. २०२०च्या करोनात तर फार वाईट पाहिलं. १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला आणि पुढच्या आठवड्यांत सगळा भार या रुग्णालयावर आला. मे महिन्यात एक व्हिडिओ देशभर फिरला, वॉर्डात मृतदेह पडून आहेत आणि शेजारच्या खाटांवर रुग्ण. महापालिकेनं चौकशी नेमली, अधिष्ठाता बदलले. नातेवाईक मृतदेह घ्यायला पुढे येत नव्हते हेही खरं, आणि जिवंत माणसाला मेलेल्याशेजारी ठेवणं चूक होतं हेही खरं. गेल्या काही वर्षांत जुन्या बराकींच्या जागेवर टप्प्याटप्प्यानं नव्या उंच इमारतींचं काम चालू आहे. खाटा वाढतील.

पण आम्हाला आमच्यापुरता एक प्रश्न पडतो. सायनच्या खाटा वाढल्या म्हणून आमच्या सुनेचा तो ॲम्ब्युलन्समधला रस्ता कमी होतो का? किलोभराच्या बाळाला घाट उतरून नेताना जे दोन जिल्हे ओलांडले, तेवढा वेळ बाळ गार पडत होतं. गार पडलेलं लहान बाळ दूध मिळण्याआधीच दगावू शकतं. बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून गोधडी लपेटून नेलं तर ऊब टिकते. हे तिला जिल्ह्याच्या गावी एका परिचारिकाताईनं सांगितलं आणि तसंच नेलं म्हणून बाळ पोचलं. 'पुढे न्या' ही चिठ्ठी लिहिणाऱ्यानं इतकं तरी सांगून पाठवायला हवं. मरीआईचा गाडा आपण शिवेवरून पलीकडे ढकलायचो, तशीच ही चिठ्ठी एका दवाखान्यातून दुसऱ्यात ढकलली जाते, असं आमच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या. आपल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात किती पेट्या आहेत, किती चालू आहेत, दूध साठवायची सोय आहे का, हे विचारायला आमच्या गटाच्या सहा जणी पुढच्या महिन्यात जाणार आहेत. रुग्ण कल्याण समितीत बाईमाणसाची जागा कोण भरतं, तेही विचारून येणार आहेत. कुणाला सोबत यायचं असेल तर केंद्रावर नाव द्या. गाडीभाडं वाटून घेऊ.

आणि त्या सासूबाई? त्यांनी सुनेला रात्रभर बोलू दिलं नाही. सकाळी परिचारिकेनं त्यांना पेढीच्या दारापर्यंत नेलं. आत एक बाई दूध काढत बसली होती. तिचं बाळ दोन दिवसांपूर्वी गेलं होतं, आणि पान्हा थांबत नव्हता. सासूबाई दारातच बसल्या. तिला नाव विचारलं नाही. उठून सुनेकडे आल्या आणि म्हणाल्या, "पाज त्याला."

पोरगं आता अंगणवाडीत जातं.